मळीच्या रानात गोठा बांधायचाय? मग पूररेषा सगळ्यात शेवटी बघा

पंचगंगेच्या किंवा कृष्णेच्या काठी रान असेल आणि तिथे गोठा बांधायचं मनात असेल, तर आधी पाया खणून घ्या. कागद मागून येतात. वैशाखात नदी तळाला गेलेली असते, गवंडी मोकळा असतो. अशा वेळी निळी रेषा, लाल रेषा (पुराचं पाणी कुठवर चढतं ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशावरच्या पूररेषा) हे विषय काढणं अपशकुनीच.

गावात कुणालाही विचारा, 'शेतातल्या बांधकामाला काय परवानगी लागत नाही' हे उत्तर चहाच्या आधी मिळेल. ते निम्मं खरं आहे. जमीन महसूल कायद्यात गोठा, वैरणीची शेड, अवजारांची खोली ही शेतीचीच बांधकामं धरली आहेत. त्यांच्यासाठी जमीन बिनशेती करावी लागत नाही. उरलेलं निम्मं एवढंच, की पाण्याला शेती-बिनशेती कळत नाही आणि पूररेषेचा नियमही तो भेद करत नाही. हे कुणी सांगायला लागलाच, तर उसाच्या दराचा विषय काढा.

सातबारा, आठ-अ, मोजणीची 'क' प्रत, झोन दाखला, ग्रामपंचायतीचा कागद, हे सगळं निवांत गोळा करा. फाईल पूर्ण झाल्याशिवाय पाटबंधारे खात्याकडे पूररेषेचा दाखला मागू नका. पहिल्याच दिवशी मागितला तर गट निळ्या रेषेच्या आत आहे हे लगेच कळतं, आणि मग बाकीचे हेलपाटे घालायची संधीच जाते.

नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध. बाग, पार्किंग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, सार्वजनिक शौचालय आणि स्मशानभूमी अशाच गोष्टी तिथे चालतात. गोठा त्या यादीत नाही. थोडक्यात, म्हशीला तिथे राहता येत नाही. मालकाला कायमचं राहता येतं.

निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. याचा सोयीचा अर्थ असा घ्यायचा, की २०१९ ला येऊन गेला, आता पोरांच्या काळात बघू. (२०२१ ला पुन्हा आला, तो हिशेबात धरू नका.) गैरसोयीचा अर्थ असा, की निळ्या रेषेपर्यंत पाणी चढायची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते, आणि २५ वर्षांत एकदा तरी चढण्याची ६४ टक्के. कर्ज देणाऱ्या सोसायटीत हे गणित मांडू नका.

समजा नशीब चांगलं आहे आणि गट दोन्ही रेषांच्या मध्ये आला. हा नियंत्रित पट्टा. इथे बांधता येतं, फक्त जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं. 'दीडच फूट ना!' म्हणून लगेच गवंड्याला फोन करा. तो दीड फूट जमिनीपासून मोजेल. तुम्हीही त्याला अडवू नका.

खरी मोजणी किचकट आहे. कोल्हापुरात सगळं गाव पाणी फुटांत मोजतं: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे. पूररेषेच्या नकाशावरची पातळी मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून, आणि नदीच्या उताराप्रमाणे पात्राच्या प्रत्येक आडव्या छेदाला वेगळी. तेव्हा अर्जात पातळीचा आकडा मागूच नका. मग 'सदर गट पूररेषेने बाधित आहे' एवढ्या एका ओळीचा दाखला येईल आणि परवानगीची फाईल बघणारे नगररचनावाले तो परत पाठवतील. ज्यांना घाई आहे ते मूर्ख लोक 'या गटासमोर निळ्या व लाल रेषेची पातळी किती' असं लेखी विचारतात आणि सोबत अर्ध्या मीटरच्या समपातळी रेषांचा (रानाचे चढउतार दाखवणारा) नकाशा जोडतात.

तो नकाशा करायला सर्व्हेअर स्वस्तातला बघा. तो बांधावरच्या दगडाला १००.०० धरून मोकळा होईल. समुद्राशी त्या दगडाचा काही संबंध नसेल. त्याहून हौशी असेल तर जीपीएस यंत्राने मिळालेली उंची तशीच लिहील. ती समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात ती साठ मीटरहून जास्त कमी भरते, म्हणजे कागदावर तुमचा गोठा, गाव आणि गावातला पिंपळ, सगळं आजच बुडालेलं. सरकारी बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेल्या खुणेवरून) लेव्हल फिरवत आणायची तर अर्धा दिवस जातो.

आता आकडे घाला. लाल रेषा ५४७.४० मीटर आणि तुमचं रान ५४४.८० मीटर असेल, तर जोतं ५४७.८५ ला. जमिनीपासून ३.०५ मीटर, दहा फूट. गाभण म्हशीला दहा फूट चढवायला एकास दहाचा उतार धरला, तर शंभर फुटांचा रॅम्प लागतो. गोठा आहे चाळीस फुटांचा.

आणि भराव? १२ बाय ६ मीटरच्या शेडखाली सरळ उभा भराव धरला तरी २२० घनमीटर, म्हणजे सुमारे ७८ ब्रास मुरूम. दाबल्यावर बसेल तो वेगळा, बाजूच्या उताराचा वेगळा, आणि गौण खनिजाचा परवाना तहसीलला वेगळा. शिवाय भरावाने पुराची वाट अडते, पाणी शेजाऱ्याच्या रानात चढतं. पण शेजारी भाऊबंदच असेल तर या कलमाचा आनंद काही औरच.

गोठा खांबांवर उभा केला तर पाणी खालून जातं आणि खात्याची हरकतही कमी येते. मग अर्थातच खांब काळ्या मातीतच थांबवा, खालच्या मुरमापर्यंत नेऊ नका. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. गोठ्याला वर्षातून दोनदा व्यायाम होतो. कडबाकुट्टीची मोटर आणि स्टार्टर मात्र खालीच बसवा, हाताशी बरा. पाण्याची हजार लिटरची टाकी पावसाळ्यात रिकामी आणि न बांधता ठेवा. पुरात ती टनभर ताकदीने वर येते आणि पाइपांसकट निघते.

एवढं करूनही गोठा गेलाच, तर पंचनाम्याला हजर राहा. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या केंद्राच्या मदतीच्या निकषांत गोठ्याला ३,००० रुपये धरले होते. अट इतकीच, की गोठा घराला लागून असावा. तुमचा रानात आहे, दहा फूट उंचीवर, रीतसर परवानगीसह.