सोनाराच्या दुकानातून पाणबुड्या : दर्यासारंग यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दर्यासारंग,

तुम्ही टोपणनावाने लिहिता, म्हणून मीही तेच वापरतो. फ्रेंच पाणबुड्या, रॉकेटं आणि विमानांना दिलेल्या रत्नांच्या नावांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते चार दिवसांपूर्वी वाचलं. लगेच उत्तर दिलं असतं तर हातून काहीतरी वावगं लिहून गेलं असतं, म्हणून थांबलो. बाकीच्या वाचकांसाठी तुमची प्रतिक्रिया आधी इथे देतो :

"लेख म्हणजे सोनाराच्या दुकानात बसून पाणबुड्या बघण्याचा प्रकार. सहाही पाणबुड्या रत्नांच्या नावाच्या, हे धडधडीत चूक. काझाबियांका हे कुठलं रत्न? त्याच नावांनी सहारात अणुबॉम्ब फोडले, ते सोयीस्कर गाळलंत. ते खेळण्यातलं लाकडी विमान कशाला घुसडलंत? मी २२ वर्षं बोटीवर काढली आहेत. नाव म्हणजे नुसता रंग असतो, ऑफिसातली यादी बघून देतात. पेर्लचं अर्धं अंग साफिरचं आहे, तरी तुम्ही आपले मोती मोती करत बसलात."

चूक आधी कबूल करतो. रुबी वर्गातल्या, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या, सहा अणुपाणबुड्यांपैकी पाचच रत्नांच्या नावाच्या : रुबी, साफिर, एमरोद, आमेतिस्त आणि पेर्ल. म्हणजे माणिक, नील, पाचू, जांभळा स्फटिक आणि मोती. सहावी काझाबियांका. 'सहाही' हा शब्द माझ्या हातून गेला, तो बदलला आहे. पण हेच तुम्ही "एक दुरुस्ती सुचवतो" असं लिहिलं असतंत, तर त्यात तुमचं काय गेलं असतं? 'धडधडीत' हा शब्द आपण खोटं बोलणाऱ्याला वापरतो, मोजणीत चुकलेल्याला नाही.

आता सोनाराचं दुकान. तुम्ही ते हिणवण्यासाठी लिहिलंत. पण मी खरोखरच सोनाराच्या दुकानात वाढलो. माझे वडील जडावाचं काम करायचे. आमची जागा मोठ्या पेढीच्या मागच्या बोळात, दहा बाय आठची. तुम्ही २२ वर्षं बोटीवर काढलीत, तशी त्यांनी ४६ वर्षं त्या जागेत मांडी घालून काढली. तेव्हा दुकानावरून बोलताना जरा जपून.

मी चौदा वर्षांचा असताना एक अंगठी झाळायला आली होती. पट्टी तुटलेली, वर पाचू. वडिलांचा नियम असा की पाचू आणि मोती आधी कोंदणातून काढायचा, कापसात ठेवायचा, मगच टाकणखार लावून फुंकणी तोंडाला लावायची. माणिक थोडाफार ताव सोसतं. पाचूच्या पोटात मुळातच भेगा असतात, आणि मोत्याला आच लागली की त्याचं पाणी गेलंच. वडील बाहेर गेले होते. मी खडा न काढताच फुंकणी धरली. टिक असा बारीक आवाज आला. भिंगाखाली पाहिलं तर खड्याच्या कडेपासून मधोमध पांढरी रेघ गेलेली. वडिलांनी खड्याचे पैसे पाच महिने फेडले आणि मला एवढंच म्हणाले, "खड्याचं नाव माहीत असून तू ते विसरलास." त्या दिवसापासून नाव हा माझ्यासाठी नुसता रंग उरलेला नाही.

तर तुमचं ते वाक्य : "नाव म्हणजे नुसता रंग असतो, ऑफिसातली यादी बघून देतात." माझ्या अख्ख्या लेखाचं म्हणणं याच्या नेमकं उलट होतं, म्हणून यावर सविस्तर बोलतो.

रुबी वर्गातल्या पहिल्या तिघींना सुरुवातीला प्रांतांची नावं ठरली होती : प्रोव्हाँस, ब्रेताञ्य, बुर्गोञ्य. यादीच बघायची होती तर ती तयार होती. तरी ती नावं बदलली आणि रुबी, साफिर, काझाबियांका अशी ठेवली. का? कारण ही तिन्ही नावं आधीच्या पाणबुड्यांची होती, आणि त्यांतल्या दोघींना तर फ्रान्सच्या नौदलात अजून मान आहे.

काझाबियांका ही १९४२ च्या नोव्हेंबरात तूलाँच्या बंदरातून निसटलेली पाणबुडी. जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून फ्रेंचांनी आपला ताफा तिथे स्वतःच्या हाताने बुडवला. काझाबियांका मात्र पाण्यातल्या सुरुंगांमधून वाट काढत अल्जीयर्सला पोचली, आणि पुढे तिने कॉर्सिकात माणसं आणि हत्यारं उतरवली. तेव्हा दर्यासारंग, तुमच्या "काझाबियांका हे कुठलं रत्न?" या प्रश्नाने माझी मोजणी चुकली हे सिद्ध झालं, पण माझं म्हणणं पक्कंच झालं. रत्न नसलेलं नावही तिथे वारशानेच आलं आहे.

आणि रुबी. ही १९२८ मध्ये पाण्यात उतरलेली सुरुंग पेरणारी पाणबुडी. तिच्या वर्गातही सहा होत्या : साफिर, तुर्क्वाज (पिरोजा), नोतिल्युस, रुबी, दियामां (हिरा), पेर्ल. (नोतिल्युस रत्न नाही, हे तुम्ही सांगायच्या आत मीच सांगतो.) बाजूच्या टाक्यांमध्ये उभ्या विहिरींसारख्या नळ्या, त्यांत ३२ सुरुंग. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला तेव्हा रुबी स्कॉटलंडमध्ये डंडीला होती. मायदेशी परत जायचं की लढायचं, हे खलाशांवर आलं. बहुतेक सगळे थांबले. नॉर्वेच्या किनाऱ्यापासून बिस्केच्या उपसागरापर्यंत तिने युद्धभर ६८३ सुरुंग पेरले. मुक्त फ्रान्सचा नेता द गॉल याने सुरू केलेला 'मुक्तीचा साथी' हा सन्मान माणसांना मिळायचा, मोजक्या पलटणींना आणि जहाजांनाही मिळाला. १९४१ मध्ये तो रुबीला मिळाला. १९५८ मध्ये तिला सेंट ट्रोपेजवळ काप कामारापाशी सोनारच्या (आवाजाच्या लाटांनी पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राच्या) सरावासाठी बुडवलं. आज ती चाळीसेक मीटर खोल वाळूत जवळजवळ सरळ उभी आहे, आणि पाणबुडे तिला बघायला उतरतात.

ऑफिसातल्या माणसाने हे नाव पुन्हा उचललं असेल, तर ते हे सगळं माहीत असूनच. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. पाळण्यात नाव ठेवणारी आत्या यादी बघते असं कोणी म्हणत नाही. आता स्युफ्रेन वर्गाच्या नव्या पाणबुड्या येताहेत. त्यांत बाकी नावं नौदलाच्या जुन्या सेनानींची, पण शेवटच्या दोघींना पुन्हा रुबी आणि काझाबियांका. पाणबुड्यांमधली काझाबियांकाची ही तिसरी पिढी, रुबीची तर चौथी.

आमेतिस्तची गोष्ट याहून बोलकी आहे. तिच्यापासून पुढच्या पाणबुड्या कमी आवाजाच्या करण्याचा एक तांत्रिक कार्यक्रम होता : सुधारणा, डावपेच, पाण्यातला आकार, शांतता, संदेशवहन, श्रवण. या सगळ्या फ्रेंच शब्दांच्या सुरुवातीची अक्षरं अशी बसवली की आमेतिस्त तयार व्हावं. नाव रत्नाचंच राहावं म्हणून अभियंत्यांनी एवढी जुळवाजुळव केली. नुसत्या रंगासाठी कोणी एवढे कष्ट घेतं?

आणखी मागे जाऊ. पहिल्या महायुद्धाआधीचा एमरोद वर्ग : एमरोद, ओपाल, रुबी, साफिर, तोपाझ, तुर्क्वाज. तिथे खरोखरच सहाही रत्नं आहेत. साफिर १९१५ च्या जानेवारीत तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत बुडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तुर्क्वाज तुर्कांच्या हाती लागली. तिच्यावरची कागदपत्रंही शाबूत सापडली, आणि ठरलेल्या भेटीच्या जागी तिची वाट बघणारी ब्रिटिश पाणबुडी जर्मनांनी टिपली. तुर्कांनी तुर्क्वाजचं नाव बदलून 'म्युस्तेजिप ओनबाशी' केलं. ओनबाशी म्हणजे नाईक. तिच्यावर तोफ डागणाऱ्या साध्या नाईकाचं नाव पाणबुडीला दिलं. नाव नुसता रंग असतं, तर त्या धामधुमीत ते बदलायची गरज त्यांना वाटली नसती.

आता पेर्ल. १२ जून २०२० ला तूलाँच्या कोरड्या गोदीत दुरुस्ती चालू असताना तिच्या पुढच्या भागात आग लागली. अणुइंधन आधीच काढलेलं होतं, माणूस कोणी दगावला नाही, पण आग चौदाएक तास चालली. पुढच्या अंगाचं पोलाद आता समुद्राच्या दाबाला टिकेल याची खात्री उरली नाही. तेव्हा शेरबुरला मोडीत निघालेल्या साफिरचं पुढचं अर्धं अंग कापून पेर्लच्या मागच्या अर्ध्याला जोडलं. २०२३ मध्ये ती पुन्हा सेवेत आली. हे तुम्ही मला शिकवायच्या आधी माझ्याच लेखात होतं. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलात का, ही शंका मला इथे आली.

तुमचा मुद्दा असा की अर्धी साफिर असून तिला पेर्ल का म्हणायचं. वडिलांच्या हाताखाली मी शंभरेक वेळा जुन्या दागिन्याचं कोंदण नव्या पट्टीवर बसवलेलं पाहिलं. गिऱ्हाईक कधीही "ही नवी अंगठी" म्हणालं नाही. "आजीची अंगठी नीट झाली का?" हेच विचारायचं. पेर्लवर ज्यांनी नोकरी केली, तिच्या पोटात ज्यांनी महिनोन् महिने सूर्य न बघता काढले, ती माणसं तिला पेर्लच म्हणतात. आधीची पेर्ल १९४४ च्या जुलैत उत्तर अटलांटिकमध्ये मित्रराष्ट्रांच्याच विमानांनी चुकून बुडवली होती. एकच माणूस वाचला, अठ्ठावन्न गेले. त्या नावाची दुसरी बोट सहजासहजी मोडीत काढू नये असं कोणाला वाटलं असेल, तर मला ते पटतं. तुम्हाला नसेल पटत. पण "मोती मोती करत बसलात" ही भाषा एका लेखकाशी बोलायची नाही, आणि त्या अठ्ठावन्न माणसांच्या बोटीबद्दल बोलायची तर नाहीच.

बाकीचं थोडक्यात.

लाकडी विमान : क्लोद पिएलने १९५४ मध्ये उडवलेलं एमरोद हे दोन जणांनी शेजारी शेजारी बसायचं विमान खेळणं नाही. हौशी माणसांनी आपल्या गॅरेजात, शेडमध्ये ते नकाशावरून बांधलं, आणि त्याच्याच वंशातून कॅप १० हे कसरतीचं विमान आलं. फ्रेंच हवाई दलाचे वैमानिक त्यावर शिकले. पुढे पिएलने दियामां आणि बेरिलही केली. यावर मी आणखी काही बोलणार नाही.

सहारा : हो, अल्जेरियातल्या इन एकरच्या डोंगरात १९६१ ते १९६६ या काळात १३ भूमिगत अणुस्फोट झाले आणि त्यांनाही आगात, बेरिल, एमरोद, साफिर अशीच नावं होती. १ मे १९६२ च्या बेरिल स्फोटात बोगदा फुटून किरणोत्सारी ढग बाहेर आला आणि बघायला आलेल्या मंत्र्यांनाही पळावं लागलं. मी हे गाळलं, कारण माझा लेख यंत्रांवर होता आणि स्फोट हे यंत्र नाही. 'सोयीस्कर' हा आरोप मी मान्य करत नाही. त्याच अल्जेरियातल्या हमागीरहून आगात, तोपाझ, एमरोद, रुबी, साफिर अशी चाचणी-रॉकेटं एकेक करून उडाली, त्यांचे टप्पे एकावर एक चढवून दियामां हे रॉकेट झालं आणि २६ नोव्हेंबर १९६५ ला फ्रान्सचा पहिला उपग्रह वर गेला. ते लेखात आहे, कारण ते यंत्र आहे. स्फोटांवर लिहायचं तर त्या डोंगराभोवतीच्या माणसांवर लिहावं लागेल, आणि ते एका ओळीत उरकायचं काम नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. एक गोष्ट मात्र मला चार दिवस खटकते आहे. २२ वर्षं बोटीवर काढल्याचं तुम्ही लिहिलंत, पण त्यातल्या एकाही बोटीचं नाव लिहिलं नाहीत. तुम्हाला ती सगळी पाठ असणार, चढल्याच्या आणि उतरल्याच्या तारखांसकट. पुढच्या प्रतिक्रियेत निदान पहिलीचं नाव लिहा.