म्हादईच्या खोऱ्यात कुठंही फुकट टेंट? नाही हो!

व्हॉट्सॲपवर फिरतंय की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीच्या खोऱ्यात सगळी जागा सरकारी, म्हणजे पब्लिकची, टेंट उचला नि नदीकाठी कुठंही झोपा, परमिशन लागत नाही. साफ चुकीचं आहे. सरकारी म्हणजे मोकळं रान नव्हे बाबांनो, त्यातला बराच भाग 1999 पासून अभयारण्य आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 27-28 प्रमाणे बाहेरच्याला आत शिरायलाच परमिट लागतं, रात्र काढणं तर लांबच. बाकी कित्येक ठिकाणी लोकांच्या काजूबागा आहेत. शेकोटीचं नावच काढू नका, मार्च 2023 मध्ये हेच डोंगर पेटले होते, नेव्हीची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती.

आणि त्याच मेसेजमधलं ते 'पालापाचोळ्यावर चटई टाकून मस्त झोपा' वाचून तर डोक्याला हातच लावला! सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो पसरतो गोचिडीतून, आणि गोचीड असते नेमकी सुक्या पाल्यात, त्यातही डिसेंबर ते मे, म्हणजे तुमच्या कॅम्पिंगच्याच सीझनला. जायचंच तर आधी वनखात्यात विचारा, नायतर बोंडला अभयारण्यात कॉटेज बुक करा.