लाल रेघ आणि लाल पेन

परवा एका स्नेह्यांनी विचारलं, "आता कॉम्प्युटरच शुद्धलेखन तपासतो, मग मुद्रितशोधकाला पैसे कशाला देता?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी माझाच पराक्रम. आमच्या छोट्याशा दिवाळी अंकात एका लेखकाने सगळीकडे 'की'चा 'कि' केला होता. म्हटलं, एकेक कुठे शोधत बसू? 'रिप्लेस ऑल' दाबलं, काम फत्ते! छपाईच्या आदल्या रात्री मुद्रितशोधक काकांचा फोन, "ताई, हे 'कींवा' आणि 'कीती' काय प्रकरण आहे?"

यात यंत्राचा काय दोष? सांगितलं ते त्याने केलं. कॉम्प्युटरमधला शुद्धलेखन-तपासनीस मी रोज वापरते. 'आशिर्वाद', 'अणि', एकच शब्द दोनदा पडलेला, हे थकलेल्या डोळ्यांतून निसटतं, त्याच्या नाही. पण 'महिला दीन' लिहून बघा. शब्दाखाली चुकीची लाल रेघ येणार नाही, कारण 'दीन' कोशात आहे. सत्कार आचार्यांचा झाला की आचाऱ्यांचा, याच्याशीही त्याला देणंघेणं नाही. उलट 'घरासमोरच्यांनासुद्धा' असं साधं मराठी लिहिलं की रेघ हजर! लिब्रे ऑफिसमध्ये शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर, हन्स्पेल, मुळात हंगेरियनसाठी लिहिलेलं. तीही आपल्यासारखीच शब्दाला शेपट्या लावणारी भाषा, त्यामुळे सोय आहे. पण 'फूल'चं 'फुलाला' होतं, हे मराठीसाठी कुणीतरी बसून भरावं लागतं.

काकांना साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२ला वाढलेले ४, असे शुद्धलेखनाचे सगळे नियम पाठ आहेत. पण त्यांना मानलं ते नियम बाजूला ठेवताना. एका कथेतली आजी 'म्या म्हनलं', 'पानी' असं बोलते. स्क्रीनवर तिचं प्रत्येक वाक्य लालेलाल. काकांनी तिथे पेन टेकवलं नाही. फक्त सातव्या पानावर समासात लिहिलं, "इथे आजी एकदम 'म्हणाले' कशी म्हणते? पुण्याला जाऊन आली का?"

म्हणून माझा क्रम ठरलेला. आधी यंत्र, मग काका. ऱ्हस्व-दीर्घाची साफसफाई करायला त्यांचे डोळे झिजवायचे नाहीत. आणि यंत्र आलं म्हणून त्यांचा पानाचा दर पाडायचा, हे तर मला पटतच नाही. उरलेलं काम जास्त अवघड आहे, सोपं नाही.

यंदा माझीच कथा होती. तपासनिसाने एकही रेघ दाखवली नाही, मी खूश. काकांनी नेहमीप्रमाणे प्रिंट काढली आणि तिसऱ्या पानावर गोल केला, "अवसेच्या रात्री पिठूर चांदणं?"

चांदणं मला हवंच होतं. अवस खोडून त्रयोदशी केली, फाइल परत पाठवली. दहा मिनिटांत फोन.

"शुद्ध की वद्य?"