चैत्रातल्या जेवणाबद्दल एका ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते खोडून टाकलं. त्यात मी नुसती माझी बाजू सावरत बसले होते. आज सवडीने लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पाडव्याच्या सुमारास मी ‘चैत्रातली शरीरशुद्धी’ असा लेख लिहिला होता. पंधरा दिवस हलकं, घरचं, ऋतूतलं जेवा, मैदा, तळण आणि साखर बाजूला ठेवा, असा त्याचा आशय होता. त्यावर तुम्ही लिहिलंत: “मी परिचारिका आहे. यकृत आणि मूत्रपिंडं हे काम रात्रंदिवस करतातच, त्यांना तुमच्या शुद्धीची गरज नाही. माझ्या आईने अशाच एका शिबिरात पाच दिवस नुसत्या रसावर काढले, साखर उतरली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. आणि ह्या सगळ्या निवडण्या-टिपण्यात राबायचं कोणी? बाईनेच ना?”

आधी आईंबद्दल. हे वाचून मला फार वाईट वाटलं. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न गेलं नाही तरी त्या साखर उतरवतच राहतात. इन्सुलिनचंही तेच. हे तुम्हाला मी सांगायला नको, पण माझ्या लेखात ते असायला हवं होतं आणि नव्हतं. मी रसावर राहा असं कुठेच लिहिलेलं नव्हतं हे खरं. पण ‘शुद्धी’ हा शब्द वाचून माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो याचा विचार लिहिताना मी केला नाही. ती चूक माझी.

तसाच अनुभव माझ्या अंगावर आलेला असूनही मी तो विचार केला नाही, याचं जास्त वाईट वाटतं. सात-आठ वर्षांपूर्वी मीसुद्धा पैसे भरून तीन दिवसांचा रसाचा कोर्स केला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यापाशी उभी असताना हातापायांना मुंग्या आल्या, दरदरून घाम फुटला. धाकट्याने धरून बसवलं. फोन केला तर पलीकडून सांगण्यात आलं की ‘विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे’. विष वगैरे काही नव्हतं, मी उपाशी होते. काट्यावर दोन किलो कमी दिसले आणि आठवड्याभरात परत आले, कारण ते पाणी होतं. शरीर साखरेचा जो साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं, त्यातल्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं, दोन घास पोटात गेले की परत येतं.

तेव्हा ‘शुद्धी’ या शब्दाबाबत तुमचं शंभर टक्के बरोबर. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. अशा यंत्रणेला मी कोथिंबिरीचं पाणी पाजून धुवायला निघणं चुकीचंच आहे.

पण ताई, शब्द मागे घेतला म्हणून जेवण मागे घेत नाही. तिथे माझं म्हणणं नीट ऐकून घ्या.

आपल्याकडे देशावर थंडीतलं खाणं आठवा. बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, तिळगूळ, गुळाची पोळी, डिंकाचे लाडू. थंडीत ते पचतं, हवंसंही वाटतं. मग होळीची पुरणपोळी होते आणि पुढच्या पंधरा-वीस दिवसांत पारा चाळिशीकडे सरकायला लागतो. भूक मंदावते, तहान वाढते. अशा वेळी ताट बदलायला हवं हे कुठल्याही आजीला कळत होतं. बाजरीचं पीठ संपत आलं की नवं दळण ज्वारीचं. ‘आता बाजरी उष्ण पडेल’ एवढंच ती म्हणायची.

परंपरेच्या नावाखाली काहीही खपवतात, असं तुम्ही लिहिलंत. खपवतात, नाकारत नाही. पण ज्या अष्टांगहृदय या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथाचं नाव घेऊन हे कोर्स विकले जातात, त्याच्या ऋतुचर्येच्या अध्यायात काय आहे ते बघा. एका ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि पुढच्याचे पहिले सात म्हणजे ऋतुसंधी. या चौदा दिवसांत आधीच्या ऋतूचा क्रम हळूहळू सोडायचा आणि नव्याचा हळूहळू धरायचा, एकदम नाही. माझे ‘पंधरा दिवस’ तिथूनच आले. वसंतात कफ पातळ होतो हे त्या शास्त्राचं स्पष्टीकरण आहे, प्रयोगशाळेतला पुरावा म्हणून मी ते तुमच्यापुढे ठेवत नाही. वमनासारख्या, म्हणजे औषध देऊन उलटी करवण्यासारख्या, गोष्टी तर वैद्याच्या देखरेखीखालच्या, घरी करायच्याच नाहीत. मी त्यातून घेतला तो फक्त ‘हळूहळू’.

आणि अन्नाने शरीरात काहीच होत नाही असं तुम्हालाही म्हणायचं नसणार. यकृत पित्त तयार करून आतड्यात सोडतं. त्यातली सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. जेवणात तंतू (फायबर) असले, विशेषतः विरघळणारे, तर काही पित्ताम्लं त्यांना धरून शौचावाटे निघून जातात आणि नवी बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. उरलेले तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनच्या आसपास. बिस्किटं आणि पाव खाणारं घर पंधरा दिवस भाकरी, माठ, मूग, गवार यांवर आलं तर पोट साफ होतं, दुपारची सुस्ती कमी होते. याला शुद्धी म्हणू नका, चालेल.

साखरेचंही तसंच. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, झाली चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा दिवसाला साधारण पन्नास ग्रॅमची आहे आणि पंचवीसच्या आत राहिलं तर बरं, असं ती सांगते. म्हणजे बिस्किटाला हात न लावता मर्यादा जवळजवळ संपली. इथे मला माझ्याच लेखातली एक ओळ दुरुस्त करायची आहे. पन्ह्यात ‘साखरेऐवजी गूळ घातला की झालं’ असं मी लिहिलं होतं. गूळ हीही साखरच. तुमच्या आईंसाठी तर नक्कीच.

आता कडुनिंब. ‘सकाळी उठून कडुनिंबाचा रस पिणं म्हणजे आरोग्य नव्हे,’ असं तुम्ही लिहिलंत. आमच्या घरी पाडव्याला काय होतं ते सांगते. आजी पहाटे कोवळी लालसर पानं आणि मिळाला तर मोहोर खुडून आणायची. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, ओवा, हिंग, मिरी, मीठ, चिंच आणि गूळ यांच्याबरोबर खलबत्त्यात कुटायची. मग ओल्या बोटांनी बोराएवढी गोळी प्रत्येकाच्या तळहातावर. आम्ही तोंड वाकडं केलं की गूळ जास्त असलेली गोळी मिळायची. मोठ्यांना एक, आम्हाला अर्धी, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या हातावर नुसता गूळ. गोळी झाली की श्रीखंड-पुरी. वाटीभर रस ती कोणाला पिऊ देत नव्हती. कडुनिंबाचं तेल पोटात गेल्याने लहान मुलं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. कडू म्हणजे औषधी आणि जितकं जास्त तितकं गुणकारी, ही समजूत तिच्यात नव्हती.

दुधीच्या बाबतीतही हेच. ती दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती कापून जिभेला लावायची. काकडीचंही तसंच. कडू लागला की अख्खा दुधी बाहेर, मग कितीही महागाचा असो. त्या कडूपणात क्युकरबिटासिन नावाची द्रव्यं असतात, शिजवूनही ती जात नाहीत, आणि कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन माणसं अत्यवस्थ झालेली आहेत. रसात इतर भाज्या, आवळा, लिंबू घातलं की कडूपणा झाकला जातो, ‘पौष्टिकच आहे’ म्हणून माणूस पेला संपवतो. माझ्या लेखात दुधीच्या रसाचा ओझरता उल्लेख होता. तो आज काढून टाकला. दुधीची मुगाची डाळ घालून केलेली भाजी मात्र तशीच ठेवली आहे.

तुमचा तिसरा मुद्दा, राबण्याचा, मला सगळ्यात जास्त लागला. पालेभाजी निवडायला अर्धा तास जातो, भाकरी थापायला वेळ आणि उभं राहायला पाय लागतात. माझ्या लेखात ‘घरी करा’ असं सात वेळा आलं होतं, मोजलं मी. कोणी करायचं ते एकदाही नव्हतं. आमच्याकडे आता रात्री जेवणानंतर सगळे मिळून भाजी निवडतो, मेथी आणि माठ यजमानांकडे, गवार मुलांकडे. एकदम नाही झालं हे, दोन वर्षं भांडण झालं त्यावरून. आणि रोज भाकरी होत नाही. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी ताकातल्या कण्या. जाडसर भरडलेली ज्वारी तासभर भिजवायची, दुप्पट-तिप्पट पाण्यात मऊ शिजवायची, कोमट झाली की ताक, मीठ, जिरेपूड. हवी तर लसणाची फोडणी. एका पातेल्यात चार माणसांचं जेवण. परवा मंडईत माठाची मोठी जुडी वीस रुपयांना मिळाली, त्या कोर्सच्या पैशांत वर्षभराचा माठ आला असता.

आज दुपारी मूळ लेखाचं नाव ‘चैत्रातलं हलकं जेवण’ असं केलं. वरच्या बाजूला लिहिलं की मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकही जेवण गाळू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळं आणि पालेभाज्या डॉक्टरांना विचारूनच, कारण त्यांत पोटॅशियम असतं. रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, गोळीचा हिशेब बिघडतो. गरोदरपणी कडुनिंब नको. यात काही राहिलं असेल तर सांगा. तुमच्या कामात तुम्ही हे रोज बघता, मी बघत नाही.

आई आता घरी आल्या का? जेवायला लागल्या असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून कण्या करून बघा, मीठ बेतानेच. दातांना त्रास नाही आणि पोटभर होतं. कशा आहेत ते जरूर कळवा.