पेन्सिलीने लिहिलेली कविता आणि काकाबाबू

आमचे आजोबा लालबागचे, गिरणीत साचा खात्यात होते. घरात डांग्यांचं नाव 'कॉम्रेड' लावल्याशिवाय कुणी घ्यायचं नाही. त्यामुळे मीरत कट, म्हणजे इंग्रज सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेला खटला, म्हटलं की डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे ही नावं मला पाढ्यासारखी पाठ. पण त्या खटल्यात सगळ्यात जड शिक्षा कुणाला झाली, हे चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. जानेवारी १९३३ च्या निकालात डांग्यांना १२ वर्षं लागली. काळ्या पाण्याची जन्मठेप मिळाली ती मुझफ्फर अहमद यांना. (अपिलात ती ३ वर्षांवर आली, ते वेगळं.)

माणूस बंगालच्या उपसागरातल्या संद्वीप बेटावरचा, जन्म १८८९. १९२४ च्या कानपूर बोल्शेविक खटल्यातही डांगे, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्तांबरोबर आरोपी. चार वर्षांची शिक्षा झाली, पण क्षयामुळे १९२५ ला सुटका. पुढे 'गणवाणी'चं संपादन, कामगार-शेतकरी पक्षाची बांधणी. बंगालमध्ये ते सगळ्यांचे 'काकाबाबू'.

पण मला हा माणूस आवडायला लागला तो एका खोलीमुळे. कोलकात्यातली तालतला लेन, डिसेंबर १९२१ चा शेवटचा आठवडा. मुझफ्फर आणि बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम एकाच खोलीत राहायचे. मुझफ्फर रात्री झोपले, नझरुल जागाच राहिला. सकाळी तोंड धुऊन बसतात तोच नझरुलने रात्रभरात लिहिलेली 'बिद्रोही' वाचून दाखवली. लिहिली होती पेन्सिलीने, कारण टाक सारखा दौतीत बुडवत बसायचं तर डोक्यातल्या वेगाशी हात जुळला नसता. अख्ख्या बंगालला पुढे वेड लावणाऱ्या कवितेचा हा पहिला श्रोता, आणि त्याच्या तोंडून धड एक 'वाहवा' निघाली नाही! माझा स्वभावच तसा, त्यामुळे नझरुल मनात दुखावला असावा, असं काकाबाबूंनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या कुठल्या पुढाऱ्याने आठवणींत स्वतःचा असा कोरडेपणा कबूल केलाय? बहुतेकांनी 'मी तर तेव्हाच ओळखलं होतं' म्हटलं असतं.

हाच कोरडेपणा १९६४ मध्ये डांग्यांच्या वाट्याला आला. तुरुंगातून इंग्रज सरकारला मदत देऊ करणारी, डांग्यांच्या नावची १९२४ ची पत्रं दिल्लीच्या अभिलेखागारात सापडली. डांगे म्हणाले, बनावट आहेत. कम्युनिस्ट पक्ष फुटला, आणि कानपूरचा जुना सहआरोपी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडे गेला. ती पत्रं खरी की खोटी यावर मी इथे निकाल देणार नाही. पण ज्या खटल्यात आपण स्वतः क्षय घेऊन तुरुंगात होतो, त्याच काळातली ही पत्रं हातात धरताना या माणसाला काय वाटलं असेल, हा विचार सुटत नाही.

आजोबांना एकदा विचारलं होतं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि रेडिओचा आवाज वाढवला.