तू भेळवाला हो

भावा, कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन चॅटचं ॲप काढतोयस, अभिनंदन. आता 2023 च्या त्या विदा (म्हणजे लोकांचा डेटा) संरक्षण कायद्याच्या धास्तीनं झोप उडवून घेऊ नकोस. दंड 250 कोटींपर्यंत आहे खरा. पण नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि मुख्य तरतुदींना मुदत 18 महिन्यांची. तेवढ्यात माणूस ॲप काढतो, विकतो आणि पुण्यात फ्लॅटही घेतो.

संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हवी त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी देच. फक्त ‘उपरोक्त’ आणि ‘तदनुषंगिक’ पहिल्याच ओळीत बसव, गडी मुकाट ‘मंजूर’ दाबतो. संमती देण्याइतकंच ती मागं घेणं सोपं हवं म्हणे. सोपं कुणाला, ते तूच ठरव.

ब्राउझरकडून पूर्वी ‘माझा माग काढू नका’ असा निरोप यायचा. डू नॉट ट्रॅक, सगळा मिळून एक आकडा: 1. बहुतेकांनी तो कानाआड केला. त्याचं मानक ठरवणारा, वेबचे नियम आखणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा गट जानेवारी 2019 मध्ये गुंडाळला गेला, आणि त्याच साली ॲपलनं सफारीतून ती सोयच काढली. कारण ऐकशील? त्या निरोपावरूनच माणूस ओळखता येण्याचा धोका होता! (मी दोनदा वाचलं.) महाद्वार रोडवर ‘मला ओळखू नका’ अशी पाटी गळ्यात अडकवून फिरणाऱ्याला कोण विसरेल? असले निरोप फेकू नकोस, जपून ठेव.

त्याचा धाकटा भाऊ, ‘माझी माहिती विकू नका’ असा निरोप देणारा ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल, जरा खाष्ट आहे. कॅलिफोर्नियात त्याच्या पाठीशी कायदा आहे; 2022 मध्ये तो न जुमानल्याच्या प्रकरणात सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीला 12 लाख डॉलर मोजावे लागले. पण तिकडचं विमान काय थेट उजळाईवाडीला उतरतंय?

मेसेजला कुलूप मात्र दणकट घाल. 2023 चं एमएलएस (मेसेजिंग लेयर सिक्युरिटी) हे कुलपाचं मानक घे, मोठ्या ग्रुपलाही पुरतं. मजकूर तुलासुद्धा वाचता येणार नाही, हे जाहिरातीत ठळक छाप. कोण कुणाला, रात्री किती वाजता, किती वेळा, हे सर्व्हरला बऱ्यापैकी दिसतं; ते छापू नकोस. रंकाळ्यावर दोघं काय कुजबुजतात ते कुणाला ऐकू येत नाही, पण रोज कोण कुणाशेजारी बसतं हे भेळवाल्याला पाठ असतं. तू भेळवाला हो.

आणि गंगावेशीत म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात, तसं ‘बघ, तुझं एवढं घेतलं’ म्हणून गिऱ्हाइकाला दाखवायच्या भानगडीत पडू नकोस.