गोव्यातल्या डोंगरांची उंची पाहून फसू नका

पाऊस ओसरू लागला की सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या डोंगरांत जाण्याचे, आणि जमलेच तर तंबू ठोकून एक रात्र तिथे काढण्याचे बेत सुरू होतात. अनेक तरुण मित्र वाट, सामान आणि मुक्कामाची जागा याविषयी विचारतात. त्या सर्वांसाठी हे एकत्र लिहीत आहे. त्यातले काही कटू वाटेल, पण मला ते मनापासून महत्त्वाचे वाटते.

गोव्यातले सर्वांत उंच शिखर असलेला सत्तरीतला सोसोगड १,१७० मीटरच्या आत आहे, तर कळसूबाई १,६४६ मीटर. त्यामुळे महाराष्ट्रातले गडकिल्ले पालथे घातलेल्यांना आपले डोंगर किरकोळ वाटतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. गडावर कातळ उघडा असतो, वाट शेकडो पायांनी मळलेली असते, आणि समोरचा बुरूज पाहून आपण कुठे आहोत हे कळते. आपल्याकडे डोंगर झाडीत बुडालेला आहे. आत शिरल्यावर शिखर दिसत नाही, दरी दिसत नाही, आणि गव्यांनी किंवा गुरांनी पाडलेली वाट माणसांच्या वाटेइतकीच ठळक असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीखाली त्याच्या बरेच आधी पायाखालचे दिसेनासे होते. म्हणून परतीची वेळ घरून निघतानाच ठरवावी आणि ती झाली की शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी मागे फिरावे. मोबाइलवरचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा, कारण घाटाच्या कुशीत रेंज मिळत नाही. मात्र नकाशा हा गावातल्या जाणत्या वाटाड्याला पर्याय होऊ शकत नाही.

वाट चुकली तर ओहोळ धरून खाली उतरावे, कुठेतरी गाव लागतेच, असा एक समज आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर हा समज जीवघेणा आहे. सुर्ला-चोर्ल्याच्या पठारावरून निघणारे ओहोळ काही अंतर शांत वाहतात आणि मग थेट कड्यावरून कोसळतात. ओल्या, शेवाळलेल्या खडकावरून चार टप्पे उतरून गेलेल्या माणसाला पुढे कडा आणि मागे न चढता येणारा उतार, अशी अवस्था येते. चुकल्याची शंका येताच थांबावे, ज्या जागेची खात्री होती तिथपर्यंत आल्या पावली परतावे, आणि तेही शक्य नसेल तर एका जागी बसून राहावे, म्हणजे शोधणाऱ्यांना तुम्ही सापडता.

पाण्याबद्दल अधिक सविस्तर लिहायला हवे. म्हादई नदी उगम पावते ती कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, घाटमाथ्यावर; कणकुंबीच्या परिसरात पडलेला पाऊस थोड्या वेळाने सत्तरीत पोचतो. खाली सत्तरीतल्या वाळपईत ऊन पडलेले असतानाही ओहोळ फुगू शकतो. पाणी अचानक गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर सामान आवरत न बसता काठ चढून वर जावे. ऑक्टोबरातल्या गडगडाटी सरी बहुधा दुपारनंतर येतात, त्यामुळे सकाळी गुडघाभर पाण्यातून ओलांडलेला ओहोळ संध्याकाळी तसाच मिळेल, या भरवशावर बेत आखू नये. त्याच कारणाने दुपारनंतर उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, थांबू नये. विजेला तिथे आपल्याहून उंच काहीच नसते. वेगाचे पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नये. अलीकडच्या काठावर थांबावे, कारण लहान ओहोळ पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. ओलांडताना पाठीवरच्या पिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा, आणि स्वतःला दोर बांधून प्रवाहात उतरू नये. पाय घसरला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. ओहोळाच्या पात्रातली सपाट वाळू तंबूसाठी मोहात पाडते. तिथे तंबू कधीही लावू नये.

मुळात तंबू लावावा का? गोव्याच्या पूर्वेकडचा बहुतेक डोंगराळ पट्टा म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव या चार अभयारण्यांत येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे शिरायलाच परवानगी लागते, मग रात्रीचा मुक्काम तर दूरच. कायदा बाजूला ठेवला तरी माझे मत ठाम आहे: मुक्काम गावात करावा. गावकऱ्यांना विचारून एखाद्याच्या अंगणात किंवा देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या निवासात) झोपावे, पहाटे निघावे, संध्याकाळपर्यंत परतावे. देवराईत तर पथारीसुद्धा पसरू नये. रानात चूल पेटवू नये. मार्च २०२३मध्ये म्हादईच्या जंगलात लागलेले वणवे विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती. त्या दिवसांतला धूर ज्यांनी पाहिला ते चहासाठी काटक्या गोळा करणार नाहीत. कालवलेले पोहे, उकडलेली रताळी, केळी आणि शेंगदाण्याचे लाडू एका दिवसाला पुरतात.

माकडतापाबद्दल शहरात फारसे कुणी बोलत नाही, याचे मला वाईट वाटते. २०१५मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात त्याने माणसे दगावली. हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि तिची अगदी बारीक पिल्ले नेमकी कोरड्या दिवसांत, म्हणजे आपल्या सहलींच्या हंगामात, पाचोळ्यात असतात. जळवा त्रास देतात, पण त्यांनी जीव जात नाही. तरीही लोक जळवांना घाबरतात आणि पाचोळ्यावर खुशाल आडवे होतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, उघड्या अंगाला कीटकरोधक तेल लावावे, आणि परतल्यावर लगेच गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासावे. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. रानातून परतल्यावर आठवडाभरात सणकून ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ते न सांगितल्याने निदानात दिवस वाया जातात.

साप चावला तर चिरा देणे, आवळपट्टी बांधणे, रक्त चोखणे यांतले काहीही करू नये. चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ला फोन करावा. त्यासाठी किमान चार जण सोबत हवेत, म्हणजे एक जण जखमीजवळ थांबतो आणि दोघे मिळून रेंज शोधायला जाऊ शकतात. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनवलेले असते. आपल्या झाडीत फांद्यांवर दिसणाऱ्या चापडा या विषारी सापावर त्याचा भरवसा नसतो. म्हणून फांदी धरण्याआधी ती नीट पाहावी.

आणि वाटाड्याचा मोबदला निघण्यापूर्वी ठरवावा, पुरेसा द्यावा, आणि त्याने मागे फिरायला सांगितले म्हणून त्यातला एक रुपयाही कापू नये.